तिन्हीसांजेचा सूर्य

मावळत्या सूर्याच्या दर्शनासाठीं पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं प्रथम कळली. सोलापुरास भवानी पेठेंत आमचें जुनें धाब्याचें घर आहे. त्याच्या माळवदावर सायंसंध्येस बसावें, पळीपंचपात्र पुढें ठेवावें आणि पेठेंतील मागांची खडखड कानीं पडत असतां पश्चिमेस बिंब मावळतांना पाहावें, हा आमचा मौंजीबंधनापासूनचा क्रम. शाळेच्या नोकरींतही तो सहसा चुकला नाहीं. गरीब शिक्षकाच्या वांट्यास आलेलें हें एक सुख असें आहे कीं त्यास दमडी पडत नाहीं, असें आम्ही विद्यार्थ्यांस अभिमानानें सांगत असूं.

म्हणून गेल्या डिसेंबरांत, पुण्यास नोकरीस असलेले आमचे चिरंजीव "आईला व तुम्हांला जैसलमेरला सूर्यास्त पाहावयास नेतों," असें म्हणाले, तेव्हां आम्हांस हसूं आलें. वाळवंटांतील त्या आलिशान मुक्कामाचें एका रात्रीचें भाडें ऐकल्यावर तें हसूं मावळलें. कारण ती रक्कम आमच्या निवृत्तिवेतनाच्या तृतीयांशाहून अधिक होती. "सूर्य तोच, पश्चिम तीच, मग ही उधळपट्टी कशास?" असा आमचा सवाल. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हीं पाहिला आहे. आईनें कधीं पाहिला आहे का?" या प्रश्नाचा अर्थ त्या वेळीं आम्हांस नीट उमगला नाहीं. थोरल्या वहिनींनीं मात्र "जा हो भाऊजी, चार दिवस घर आम्ही सांभाळूं," असें सांगितलें आणि आमचा निरुपाय झाला.

जोधपूरपर्यंत विमान व पुढें मोटार असा प्रवास करून आम्ही रावळ जैसलानें ११५६ सालीं वसविलेल्या त्या नगरीस पोंचलों. पिवळ्या दगडाचा किल्ला पाहून पश्चिमेस सुमारें ४० किलोमीटरवर सम या गांवीं गेलों. सारी मरुभूमि वाळूच्या टेकड्यांचीच असते, ही आमची समजूत वाटेंतच दूर झाली. बराचसा प्रदेश खडकाळ, गवताचा व खुरट्या झुडपांचा. वाऱ्यानें रचलेल्या टेकड्या समजवळ आल्यावर दिसतात. त्यांच्या पायथ्याशीं आमचा तंबू होता. तंबू म्हणजे शाळेंतील बालवीरांचा तंबू, एवढीच आमची कल्पना! येथें आंत गालिचे, पलंग, उष्णोदकाचें स्नानगृह. बाहेर मांगणियार गवयांचा कमायचा आणि खडताल.

त्या भागांत आमचा एक सोलापूरकर आप्त राहतो, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. हा आप्त म्हणजे माळढोक पक्षी. राजस्थानांत त्यास गोडावण म्हणतात व तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. आमच्या घरापासून सुमारें वीस किलोमीटरवर असलेल्या नान्नजच्या माळावर त्याच्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. पण अलीकडे तेथें त्याचें दर्शन अत्यंत दुर्मिळ झालें आहे. सम येथें त्याची पैदास करण्याचें केंद्र २०१९ पासून चालूं आहे. पक्षी माळावर होता तेव्हां आम्ही नान्नजला एकदांही गेलों नाहीं. जवळ असलेलें पाहावयाचें राहून जातें, असें त्या वेळीं सहज मनांत आलें. त्या विचाराचा खरा रोख कोठें आहे, हें त्याच सायंकाळीं कळावयाचें होतें.

पांच वाजून गेल्यावर आम्हांस एका टेकडीच्या माथ्यावर नेण्यांत आलें. सौभाग्यवतीनें उंटास लांबूनच नमस्कार केला, म्हणून जीपगाडीनें गेलों. वाळूवर सतरंजी, तीवर खुर्च्या, शेजारीं चहा अशी सिद्धता होती. आम्हीं सोबत आणलेलें लहानसें पंचपात्र काढून ठेवलें. पावणेसहाचा सुमार झाला, तशी सौभाग्यवतीची चुळबुळ सुरू झाली. तिनें दोनदां घड्याळ पाहिलें, पदर सारखा केला आणि ती उठून उभीच राहिली.

"काय हवें?" आम्हीं विचारलें.

"कांहीं नाहीं हो. दिव्याची वेळ झाली," असें म्हणून ती ओशाळली.

तेथें दिवा लावणारे दुसरे होते, चहा देणारे दुसरे होते, रात्रीचा स्वयंपाक करणारेही दुसरेच होते. चिरंजीवांनीं तिला खांद्यास धरून पुन्हां खुर्चीवर बसविलें.

बिंब क्षितिजास टेकलें. टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत त्यास तेथें या दिवसांत सुमारें पावणेतीन मिनिटें लागतात. शिक्षकाची खोड जात नाहीं. आम्हीं पाठ सुरू केला. क्षितिजावरील सूर्याचे किरण कित्येक पट अधिक हवेंतून येतात, वाटेंत निळा प्रकाश विखुरतो व तांबडा उरतो. शिवाय हवा किरणांस वाकविते, त्यामुळें बिंब क्षितिजास टेकलेलें दिसतें तेव्हां वस्तुतः तें खालीं गेलेलेंच असतें, इत्यादि. पण आमच्या पाठाकडे कोणाचें लक्ष नव्हतें. सौभाग्यवती दोन्ही हात मांडीवर ठेवून एकटक समोर पाहत होती. शेवटची तांबडी कड नाहींशी झाली, तेव्हां ती हळूच म्हणाली, "अहो, शेवटीं शेवटीं किती घाईनें जातो हो हा! मला वाटे, सावकाश जात असेल. मीं कधीं शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता."

आमच्या लग्नास ४१ वर्षें झालीं आहेत. इतकीं वर्षें आम्ही माळवदावर सूर्य पाहत होतों, तेव्हां ती खालीं होती. देवापुढें समई, तुळशीपाशीं पणती, मुलांची पर्वचा, आमच्या वडिलांचें औषध, रात्रीच्या पोळ्यांची कणीक, हें सारें त्याच घटकेचें काम. आमच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी पूर्वेकडे उघडते. संध्येचें पाणीदेखील तीच भरून वर आणून ठेवी आणि आम्ही आचमनास बसलों कीं लगबगीनें जिना उतरून जाई. ज्यास दमडी पडत नाहीं म्हणून आम्ही मिरवीत होतों, त्या सुखाचें मोल कोणी तरी रोज देत होतें. त्या सायंकाळीं आमचें अर्घ्य द्यावयाचें राहून गेलें. पंचपात्र तसेंच भरलेलें परत आणलें.

रात्रीं झोंप येईना, म्हणून आम्ही मनांतल्या मनांत गणित मांडलें. सोलापूर जैसलमेराच्या पूर्वेस पांच अंशांवर, तेव्हां तेथें सूर्य वीस मिनिटें अगोदर मावळावा. परंतु जैसलमेर नऊ अंश उत्तरेस असल्यानें डिसेंबराच्या अखेरीस तेथील दिवस लहान व सूर्यास्त लवकर. हा फरकही जवळजवळ तितकाच. म्हणजे दोन्ही गांवीं सूर्य साधारण एकाच वेळीं मावळला. सौभाग्यवती येथें हात मांडीवर ठेवून बसली होती, त्याच मिनिटांत वहिनी आणि धाकटी भावजय भवानी पेठेंत पश्चिमेकडे पाठ करून वात सारीत असतील!

घरीं परतल्यावर आम्हीं थोरल्या बंधूंच्या संमतीनें एक नियम केला. तिन्हीसांजेचा दिवा व पाणी पुरुषांनीं पाहावें आणि पोळ्यांस अर्धा तास उशीर झाल्यास कोणी बोलूं नये. पहिल्या दिवशीं आम्हीं समई इतकी भरली कीं तेल पाटावर सांडलें. धाकटी भावजय प्रथम हसली; तिसऱ्या दिवशीं मुलांस घेऊन वर आली, ती आतां रोज येते. वहिनी मात्र येत नाहींत. त्या ७४ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांस जिना झेपत नाहीं. खुर्चींत बसवून वर नेण्याची गोष्ट आम्हीं काढली, तर त्यांनीं दोन्ही हातांनीं नको म्हटलें. "खालीं आल्यावर सांगा हो भाऊजी, आज कसा होता तो," असें त्या म्हणतात. आम्ही सांगतों, त्या कणीक मळतां मळतां ऐकतात. पन्नास वर्षें ज्यांनीं आमच्या घराचा दिवा लावला, त्यांच्या वांट्यास सूर्यास्त आतां असा ऐकीवच यावयाचा. चिरंजीवांच्या कितीही पैशानें हें ऋण फिटणारें नाहीं.

त्या वाळवंटांतील खर्चास आम्ही उधळपट्टी म्हणालों होतों, तो शब्द परत घेतों. तेथें जें भाडें घेतलें, तें सौभाग्यवतीस मिळालेल्या त्या एका रिकाम्या घटकेचें होतें, आणि ती घटका आम्हांस घरच्या घरीं केव्हांही देतां आली असती. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरास माळवद किंवा गच्ची आहे, त्यांनीं आज सूर्य मावळतांना एकवार मागें वळून पाहावें कीं त्या वेळीं घरांतलें कोण कोठें आहे. विलंब करूं नये. गुडघे फार दिवस थांबत नाहींत.