‘पूर्वी किती पळायचा!’: दोष माणसाचा की गुडघ्याचा?



घरातले किंवा कामावरचे एखादे माणूस पूर्वीसारखे काम करेनासे झाले, की आपण कारण लगेच ठरवून मोकळे होतो. ‘अंग काढून घेतोय’, ‘पैसा आला, आता कशाला राबेल?’, ‘मनातच नाही त्याच्या’. दवाखान्यात गुडघ्याचे रुग्ण तपासताना ही वाक्ये मी रोज ऐकतो. बहुतेक वेळा ती रुग्णासोबत आलेले नातेवाईक बोलतात आणि रुग्ण खाली मान घालून ऐकत असतो.

आज याच विषयावर बोलायचे आहे. त्यासाठी उदाहरण मात्र जरा लांबचे, अमेरिकेतले घेतो. माझा भाचा लॉस एंजेलिसला नोकरीसाठी गेला आणि तिथल्या ‘रॅम्स’ या फुटबॉल संघाचा कट्टर चाहता झाला. २०१९ च्या सुरुवातीला त्याचा फोन आला. “मामा, तू हाडांचा डॉक्टर आहेस. आमच्या मित्रांत रोज भांडणं चालली आहेत. तूच काय ते सांग.”

भांडण होते टॉड गर्ली या खेळाडूवरून.

हा खेळ आणि हा खेळाडू

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट असतो आणि तो हातात घेऊन पळायचे असते. त्यात ‘रनिंग बॅक’ नावाची एक जागा असते. चेंडू त्याच्या हातात दिला जातो आणि तो समोरच्या घोळक्यातून वाट काढत पुढे धावतो. कबड्डीत चढाईला गेलेला गडी कसा हुलकावणी देतो, अचानक थांबतो, एका पायावर गिरकी घेतो, तसेच काहीसे. फरक एवढाच, की इथे अडवायला ११ जण असतात आणि त्यांतले काही सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे असतात.

रनिंग बॅकचा हिशेब सोपा आहे. एका धावेत सरासरी किती यार्ड? एक यार्ड म्हणजे तीन फूट. साडेचारच्या वर सरासरी असेल तर खेळाडू उत्तम. साडेतीनवर आली की कुजबुज सुरू होते.

गर्लीची सरासरी २०१७ मध्ये ४.७ होती आणि त्या वर्षी तो लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. २०१८ मध्ये ती ४.९ झाली. २०१९ मध्ये ३.८ आणि २०२० मध्ये ३.५. त्यानंतर तो पुन्हा खेळला नाही. शेवटचा सामना खेळला तेव्हा त्याचे वय २६ होते. आपल्याकडे या वयात मुलाच्या लग्नाची बोलणी चालू असतात!

चाहत्यांचे तीन गट

भाच्याच्या मित्रांत तीन गट पडले होते.

पहिला गट म्हणायचा, पैसे मिळाले आणि हा सुस्तावला. जुलै २०१८ मध्ये गर्लीने चार वर्षांसाठी ६ कोटी डॉलरचा करार केला होता. दुसरा गट संघाला दोष द्यायचा. प्रशिक्षक त्याला नीट वापरत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे २०१९ च्या मोसमाआधी त्याच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या फळीतले दोन अनुभवी खेळाडू संघातून गेले, तेव्हा या गटाला आणखी जोर चढला. तिसरा गट म्हणायचा, त्याचा गुडघा गेला आहे, फक्त कुणी कबूल करत नाही.

मी भाच्याला आधी एकच सांगितले. टीव्हीवर बघून गुडघा तपासता येत नाही. पण पहिल्या गटाचे म्हणणे पटत नाही, हे सांगायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. करार झाला जुलैमध्ये. त्याच्या नंतरच्या मोसमात गर्लीने १४ सामन्यांत २१ टचडाउन केले, लीगमध्ये सर्वाधिक. पैसे मिळाल्याने आळस आला असता, तर तो तेव्हाच दिसायला हवा होता. घसरण सुरू झाली ती मोसमाच्या शेवटी, गुडघ्यामुळे दोन सामने बाहेर बसल्यानंतर.

आणि हा गुडघा नवा नव्हता. नोव्हेंबर २०१४ मध्ये, कॉलेजकडून खेळताना, त्याच डाव्या गुडघ्याचे ‘एसीएल’ तुटले होते. शस्त्रक्रिया झाली, तो परत आला आणि जोरात खेळला. २०१९ च्या मार्चमध्ये त्याचा व्यायाम घेणाऱ्या प्रशिक्षकानेच जाहीरपणे सांगितले, की त्या गुडघ्यात आता संधिवाताचाही भाग आहे.

गुडघ्याच्या आत काय होते?

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत, मधोमध असलेला एक मजबूत दोर समजा. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवरून घसरू नये म्हणून तो त्यांना बांधून ठेवतो. तो तुटतो तेव्हा फक्त दोर तुटत नाही. त्या झटक्यात हाडांच्या टोकांवरच्या गादीलाही मार बसतो. या गादीला कूर्चा म्हणतात.

कूर्चेच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तिला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे हाड जुळते, कातडी भरून येते, तशी कूर्चा भरून येत नाही. दोन, तिच्यात वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात. म्हणून ती झिजू लागते तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही. दुखायला लागते ते खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर त्रासल्यावर. म्हणजे वेदना कळते तेव्हा झीज बऱ्याचदा जुनी असते.

एसीएल तुटलेल्या अनेकांमध्ये १० ते २० वर्षांत त्या गुडघ्यात झिजेचा संधिवात दिसू लागतो. शस्त्रक्रियेने गुडघा स्थिर होतो, पण हा धोका पूर्णपणे जात नाही. आणि ज्याला त्याच गुडघ्यावर दर आठवड्याला गिरक्या घ्यायच्या आहेत, त्याच्या वाट्याला उसंत येत नाही.

मनात असूनही पाय का ऐकत नाही?

हा भाग नीट वाचा, कारण ‘मनातच नाही त्याच्या’ या वाक्याचे उत्तर इथे आहे.

आपण म्हणतो, ‘गुडघ्यात पाणी झालंय.’ हे पाणी बाहेरून येत नाही. सांध्याचे अस्तर चिडले की तेच नेहमीपेक्षा जास्त द्रव तयार करते. सांधा असा फुगला की त्यातल्या नसा मज्जारज्जूकडे निरोप पाठवतात आणि मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा जोर कमी करतो. हे आपल्या इच्छेवर अवलंबून नसते. गरम तव्याला हात लागला की तो आपोआप मागे येतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. माणूस पूर्ण ताकद लावायला जातो, पण स्नायूपर्यंत पूर्ण हुकूम पोहोचतच नाही. दुखत नसले तरी, नुसत्या सुजेनेही हे होऊ शकते.

असे काही महिने चालले की स्नायू वाळू लागतो. स्नायू वाळला की धक्के झेलणारा कुणी उरत नाही, सगळा भार सांध्यावर येतो, सांधा पुन्हा फुगतो. हे चक्र सुरू राहते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र एवढेच दिसते, की माणूस जोर लावत नाही.

एक दिवस बरा, एक दिवस वाईट

लोकांचा विश्वास उडण्याचे आणखी एक कारण आहे. झिजलेला गुडघा रोज सारखा दुखत नाही.

गर्लीचेच बघा. १२ जानेवारी २०१९ च्या सामन्यात त्याने १६ धावांत ११५ यार्ड काढले. आठच दिवसांनी, २० जानेवारीला, त्याच्या वाट्याला फक्त ४ धावा आल्या आणि यार्ड झाले १०. सामन्यानंतर त्याने दोष स्वतःकडेच घेतला. ३ फेब्रुवारीच्या सुपर बोलमध्ये १० धावा, ३५ यार्ड, आणि रॅम्स १३-३ ने हरले. गुडघा ठीक आहे, असे तो आणि त्याचा संघ सांगत राहिले. मग चाहत्यांनी ‘ठीक असेल तर मग पळत का नाही?’ असे विचारले, यात नवल काय?

त्याच्या गुडघ्यात त्या आठवड्यात नेमके काय चालले होते ते त्याचे डॉक्टरच जाणोत. पण हा चढ-उतार माझ्या रुग्णांच्या घरातही तसाच असतो. सासूबाई रविवारी लग्नात तीन तास उभ्या होत्या, सोमवारी म्हणतात जिना चढवत नाही. सूनबाईंना वाटते नाटक आहे. खरे तर रविवारच्या तीन तासांमुळेच सोमवारचा जिना अवघड झालेला असतो.

मार्केट यार्डातला मुकादम

माझ्या एका रुग्णाबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय बेचाळीस. मार्केट यार्डात हमाली करणारा, ५० किलोचे पोते पाठीवर सहज घेणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी टोळीचा मुकादम झाला आणि हळूहळू पोत्याला हात लावेनासा झाला. टोळीत कुजबुज सुरू झाली, ‘मुकादम झाला, आता साहेब झाला.’ धाकटा भाऊ त्याच टोळीत. त्याच्या वाट्याला जास्त पोती यायची. घरात दोघांचे बोलणे बंद होण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

तपासताना मी विचारले, तरुणपणी खेळत होतात का? डोळ्यांत चमक आली. तालुक्याच्या कबड्डी संघात होता. तेविसाव्या वर्षी चढाईत उजवा गुडघा पिरगळला, आतून ‘कट्’ असा आवाज आला, तासाभरात गुडघा फुगला. मालिश झाली, पट्टा बांधला, महिन्याने सूज उतरली. ‘बरा झाला’ म्हणून पुन्हा कामाला लागला.

गुडघा आतून सैल होता. थोडे पाणी होते. उभे राहून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट कमी झालेली दिसत होती. मग त्याने मान वर न करता विचारले, “डॉक्टर, खरं सांगा. मी आळशी झालोय का? मलाच आता तसं वाटायला लागलंय.”

भाऊ बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला आत बोलावले, शिंप्याकडे असते तशी टेप त्याच्या हातात दिली आणि दोन्ही मांड्या मोजायला सांगितल्या. उजवी मांडी साडेतीन सेंटीमीटरने बारीक भरली. त्याने पुन्हा मोजली. तेवढीच. काही वेळ कुणी बोलले नाही. मग भाऊ म्हणाला, “दादा, सांगायचं ना.”

गुडघा नवा झालेला नाही. पण व्यायामाने मांडीत जोर आला, वजन थोडे उतरले, आणि टोळीत ठरले की त्याने पाठीवर ओझे घ्यायचे नाही, मोजदाद आणि गाडीचे काम बघायचे. दोघे भाऊ आता तपासणीला एकाच मोटारसायकलवर येतात.

आपण काय करायचे?

• तरुण खेळाडूचा गुडघा पिरगळून आवाज आला आणि काही तासांत फुगला, तर मालिश करू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सूज उतरणे म्हणजे बरे होणे नव्हे.

• मांडीचा व्यायाम हे पहिले औषध. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, ५ पर्यंत मोजा, सोडा. असे १० वेळा, दिवसातून दोनदा. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

• वजन जास्त असेल तर कमी करा. एक किलो वजन उतरले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

• वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नका. जठर आणि किडनीला त्रास होऊ शकतो.

• गुडघा लाल व गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

• एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. फोटोत झीज कमी दिसते म्हणून ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हणू नका.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. ‘पूर्वी किती करायचास!’ हे म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. कुठे दुखते? सूज येते का? जिना उतरताना गुडघा दगा देतो का? पूर्वी कधी मार लागला होता का? पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत निदान होणार नाही, ते आमचे काम. पण समोरच्या माणसाला कळेल, की आपल्यावर कुणी आरोप करत नाही. तेवढे कळले तरच तो दवाखान्यात वेळेवर येतो.