गादी रिकामी असताना : उदगीर ते कलबुर्गी

उदगीर सोडून कमलनगरच्या दिशेने निघालं की महाराष्ट्र संपल्याचं पाट्यांवरूनच कळतं. अक्षरं कन्नड होतात, माणसांची बोली मात्र तीच राहते. एप्रिल २०२५ च्या अखेरीस मी या वाटेने निघालो तेव्हा रोमची गादी रिकामी होती. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस वारले. २६ तारखेला त्यांचं दफन झालं. ७ मेपासून १३३ कार्डिनल सिस्टिन चॅपेलमध्ये जगाशी संबंध तोडून नवा पोप निवडणार होते.

बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात या घडामोडीबद्दल काय बोललं जातं, हे ऐकायचं होतं. ख्रिस्ती वस्ती इथे थोडी, त्यातही कॅथलिक कमी. पण मठ, दर्गे आणि संस्थानांनी भरलेल्या या मुलखात ‘यांच्यामागे कोण?’ हा प्रश्न घरोघरी चघळला जातो. गाद्यांचा एवढा अनुभव असलेली माणसं रोमच्या गादीकडे परकेपणाने पाहतील असं वाटत नव्हतं.

भालकीच्या बसस्टँडाजवळ चहाच्या गाड्यावर पहिलं मत मिळालं. मोबाइलवर बातमी पाहून एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “आमच्या मठात स्वामी हयात असतानाच मरी नेमत्यात. ह्यांचे पोप का नेमून जात नाहीत?” मरी म्हणजे गादीचा बाल-वारस. भालकीच्या हिरेमठाची या भागात मोठी पुण्याई आहे. निजामाच्या राज्यात चन्नबसव पट्टद्देवरूंनी दारावर उर्दू शाळेची पाटी लावून आत कन्नड शिकवलं, हे इथली मराठी माणसंही अभिमानाने सांगतात. १९९९ मध्ये शंभरी ओलांडून त्यांनी देह ठेवला आणि गादीची जबाबदारी बसवलिंग पट्टद्देवरूंकडे राहिली. तंटा नाही, मतदान नाही.

शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मजेशीर आहे. पोपला वारस नेमता येत नाही, पण वारस निवडणारे मतदार नेमता येतात. त्या १३३ जणांपैकी शंभराहून अधिक कार्डिनल एकट्या फ्रान्सिसनी केलेले होते. ८० वर्षं पूर्ण केलेल्याला मत नाही, हा नियम पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये घातला. निवडून यायला दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे या वेळी ८९. हे ऐकून ते म्हणाले, “मग सोसायटीच्या चेअरमनसारखंच झालं की वो,” आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया आणि बसव जयंती एकाच दिवशी होती. बसवकल्याणला उन्हाने डांबर मऊ झालेलं, तरी मिरवणुकीत बायाबापड्या अनवाणी चालत होत्या. गावाबाहेर बसवण्णांचा १०८ फुटी पुतळा, आणि दुसरीकडे सरकारी खर्चाने उभ्या राहणाऱ्या नव्या अनुभव मंटपाचं बांधकाम. बाराव्या शतकात इथे अनुभव मंटप ही शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांची, सभा भरे. तिच्या अध्यक्षपदाला शून्य सिंहासन म्हणत. परंपरा सांगते की त्यावर आधी अल्लमप्रभू बसले, मग चन्नबसवण्णा, मग सोलापूरचे सिद्धराम. तिघांचं कूळ एक नाही, गावही एक नाही. अल्लमप्रभू तर मद्दल वाजवणाऱ्याच्या घरातले. खुद्द बसवण्णा कल्याणच्या राजाचे मंत्री असून त्या आसनावर बसले नाहीत.

हा पुतळा उभारणाऱ्या बसव धर्म पीठाची गोष्ट आणखी पुढची आहे. १९९६ मध्ये माते महादेवी या पीठाच्या जगद्गुरू झाल्या. २०१९ मध्ये त्या वारल्यावर माते गंगादेवी त्या जागी आल्या. बाईकडून बाईकडे गेलेली धर्मगादी बसवकल्याणच्या लोकांना नवलाची राहिलेली नाही. रोममध्ये बाईला पोप होता येत नाही आणि पोप निवडताही येत नाही. मिरवणुकीतल्या एका शिक्षिकेला हे सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, “अजून?”

हुमनाबादजवळचं माणिकनगर मराठी माणसाला पाहुणं वाटू देत नाही. माणिकप्रभूंची पदं मराठीतही आहेत, देवळातल्या बोलण्यात मराठी सहज मिसळते. सकलमत संप्रदायाचे हे सत्पुरुष १८१७ मध्ये दत्त जयंतीला जन्मले आणि १८६५ मध्ये त्यांनी समाधी घेतली. ते ब्रह्मचारी. गादी पुतण्याकडे गेली आणि तेव्हापासून त्याच घराण्यात आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही आपलं म्हणून जिथे येतात, तिथे वारसाचा प्रश्न मात्र घरातच सुटला.

बीदरला पोचल्यावर आधी अष्टूरला गेलो. इथे बहमनी सुलतान अहमदशहा वली याचा घुमट आहे. बाहेरून साधा, आत मान वर करून पाहिलं तर छताखाली लाल-सोनेरी अक्षरं आणि वेलबुट्टी. होळीच्या सुमाराला इथे उरूस भरतो आणि त्याचा मान कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळच्या लिंगायत जंगमाचा असतो. लिंगायत भाविक या सुलतानाला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. मुसलमान राजाच्या उरुसाला जंगम पुढे, हे दृश्य इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

शहरातल्या नानक झिरा गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत नांदेडहून आलेली मंडळी भेटली. पंचप्याऱ्यांपैकी, म्हणजे खालसा पंथाच्या पहिल्या पाच शिखांपैकी, भाई साहिबसिंग बीदरचे. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी ‘पुढचा गुरू कोण’ हा प्रश्नच मिटवला आणि गुरुपद ग्रंथाला दिलं. पोळी वाढणाऱ्या सेवेकऱ्याला रोमच्या निवडणुकीत फारसा रस नव्हता. त्यांच्याकडे ही चर्चा तीन शतकांपूर्वीच संपली.

मंगलपेठ या ख्रिस्ती वस्तीत मात्र चर्चा रंगली होती. बीदरचे बहुतेक ख्रिस्ती मेथडिस्ट आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या मिशनने इथे शाळा, दवाखाने काढले आणि त्यांच्याकडे वळलेली बहुतेक कुटुंबं दलित होती. पोप हा त्यांचा धर्मगुरू नव्हे. तरी एक निवृत्त मास्तर वर्तमानपत्राची कात्रणं पुढ्यात ठेवून बसले होते. “आमचा बिशपसुद्धा मतदानानं येतो,” ते म्हणाले. “पण आमच्या मतदानात पाळकांबरोबर प्रपंचातली माणसं असतात. रोममध्ये सगळे लाल टोपीवाले.”

त्यांच्या कात्रणांत एक चेहरा वारंवार होता, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला यांचा. कर्नूल जिल्ह्यातल्या गरीब घरातला मुलगा, ऑगस्ट २०२२ मध्ये कार्डिनल झाला. दलित समाजातले ते पहिले कार्डिनल. बीदरपासून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत आहे, आणि निजामाच्या काळापासून इथल्या माणसाला दवाखाना, बाजार, नोकरी म्हटलं की हैदराबाद. त्यामुळे पंथ वेगळा असूनही पूला यांचं नाव मंगलपेठेत घरच्यासारखं घेतलं जात होतं. “होणार नाहीत, ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “पण आमच्यातल्या माणसाचं मत त्या पेटीत पडणार, हे काय थोडं आहे?”

या वाक्यामागे मोठा हिशेब आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. म्हणजे ज्या माणसाला रोममध्ये पोप निवडण्याचा अधिकार आहे, त्याच्या भाऊबंदांना तालुक्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही.

४ मेच्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा ऐकली. अर्पणाच्या प्रार्थनेत एरवी पोप आणि स्थानिक बिशप अशी दोन नावं घेतात. त्या दिवशी फादरांनी बिशपचंच नाव घेतलं आणि पुढे गेले. गादी रिकामी असली की पोपचं नाव गाळायचं, हा नियम आहे. पहिल्या बाकावरच्या आजींनी सवयीने फ्रान्सिसचं नाव पुटपुटलं आणि शेजारच्या नातीने त्यांचा हात दाबला. इथले बिशप बसतात कलबुर्गीला. २००५ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी गुलबर्गा धर्मप्रांत स्थापला आणि रॉबर्ट मायकेल मिरांडा त्याचे पहिले बिशप झाले.

मिस्सेनंतर अंगणात अंदाजांना ऊत आला. इटलीचे पारोलिन, फिलिपाइन्सचे टागले, घानाचे टर्कसन अशी नावं केरळच्या नन्सना तोंडपाठ. भारताची चार मतं होती : गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, हैदराबादचे पूला, केरळचे बसेलिओस क्लीमिस आणि व्हॅटिकनमध्येच काम करणारे जॉर्ज जेकब कूवकाड. मुंबईचं मत मात्र या वेळी नव्हतं. ऑस्वल्ड ग्रेशियस यांना २४ डिसेंबर २०२४ ला ८० वर्षं पूर्ण झाली. १९५३ मध्ये भारताला पहिला कार्डिनल मिळाला तो मुंबईचा, व्हॅलेरियन ग्रेशियस. २००५ मध्ये मुंबईच्याच आयव्हन डायस यांचं नाव पोपपदाच्या चर्चेत होतं. ती मुंबई अवघ्या चार महिन्यांनी हुकली.

७ मेला सकाळी कलबुर्गीची डेमू गाडी पकडली. ११० किलोमीटरचा हा मार्ग ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला. डब्यात पोपचा विषय कुणीच काढला नाही. आदल्या रात्री पाकिस्तानवर भारताचं ऑपरेशन सिंदूर झालं होतं आणि प्रत्येक मोबाइलवर नकाशे, विमानं, सायरन. मरगुत्तीच्या बोगद्यात रेंज गेली तेवढाच डबा शांत झाला. कमळापूरला लाल केळ्यांचे घड घेऊन बायका चढल्या आणि बोलणं भावावर आलं.

कलबुर्गीत गाद्यांचे आणखी दोन नमुने आहेत. बंदेनवाज दर्ग्याचे सज्जादानशीन, म्हणजे वंशपरंपरागत प्रमुख, सय्यद शाह खुस्रो हुसैनी नोव्हेंबर २०२४ मध्ये वारले आणि पद त्यांच्या मुलाकडे गेलं. शरणबसवेश्वर संस्थानचे आठवे पीठाधिपती शरणबसप्पा अप्पा तेव्हा हयात होते. पुढे १४ ऑगस्ट २०२५ ला ते गेले आणि नवव्या पीठाधिपतीचं पद त्यांच्या सात वर्षांच्या मुलाकडे आलं. विद्यापीठ, कॉलेजं, दासोह (अन्नदान), सगळा पसारा त्या गादीशी बांधलेला. गावाने कुरकुर केली नाही, वारस आधीच ठाऊक होता.

८ मेच्या रात्री साडेनऊ वाजून गेल्यावर चॅपेलच्या चिमणीतून पांढरा धूर निघाला. खानावळीतल्या टीव्हीवर जम्मूचा ब्लॅकआउट चालू होता, धुराची बातमी खालच्या पट्टीत सरकत गेली. तासाभराने नाव आलं : रॉबर्ट प्रीव्होस्ट, शिकागोचे, पहिले अमेरिकन पोप, आता चौदावे लिओ. चौथ्याच फेरीत निवड झाली. ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख असताना ते केरळला येऊन गेले होते. जुन्या गोव्यातला पडका मनोरा याच संघाच्या चर्चचा.

मास्तरांना फोन लावला. त्यांचा अंदाज चुकला नव्हता, आशाही फारशी मोडली नव्हती. निवडीच्या वेळी लिओ ६९ वर्षांचे होते. फेर्राव यांचा मताधिकार जानेवारी २०३३ पर्यंत आहे, पूला यांचा नोव्हेंबर २०४१ पर्यंत. १९५० चा आदेश ख्रिस्ती दलितांसाठी अजून तसाच आहे.