धाब्याला कठडा



अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठव्या वचनात देवाने घर बांधण्याविषयी एक साधा नियम दिला आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. तो केला नाही आणि कोणी वरून पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो.

त्या काळी धाबे ही घरातली वापरती जागा होती. राहाबेने हेरांना लपवले ते धाब्यावर. यापो येथे पेत्र प्रार्थनेला गेला तोही धाब्यावरच. म्हणून देवाने कोणाला वर जाण्याची मनाई केली नाही. चढणाऱ्याला नुसते ‘जपून चाल’ एवढे सांगूनही तो थांबला नाही. त्याने घरधन्याला जबाबदार धरले.

आज इंटरनेट हे आपल्या सर्वांचे धाबे झाले आहे. ते गरिबालाही मिळावे, ही चांगली गोष्ट आहे. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गुगल यांनी मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू केले. जून २०१८ पर्यंत ते देशातील ४०० स्थानकांवर पोहोचले. एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने ओझी वाहता वाहता, कानात इअरफोन घालून, याच वायफायवर अभ्यास केला आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केली. ती बातमी वाचून आम्ही देवाचे आभार मानले.

पण त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात काय घडले, तेही विसरून चालणार नाही. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. मारणारे हात त्या जमावाचे होते आणि त्याचा दोष त्यांच्याच माथी आहे. तरीही प्रश्न उरतो : कठडा कोठे होता?

त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले गेले. त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. म्हणजे कठडा करता येत होता आणि तो करणे बांधणाऱ्याच्याच हाती होते. फक्त माणसे पडल्यानंतर तो झाला.

कंपन्या म्हणतात, ‘आम्ही काही लिहीत नाही, आम्ही फक्त पोहोचवतो.’ निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात यालाही उत्तर आहे. खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्याने बैलाला ढकललेले नसते. तरी बैल आत पडून मेला, तर भरपाई त्यालाच द्यावी लागते. ज्या वस्तूतून आपण नफा घेतो, तिच्यामुळे शेजाऱ्याला होणाऱ्या इजेकडे पाठ फिरवता येत नाही.

हाच नियम आम्हालाही लागू आहे. आमच्या बेळगावच्या मंडळीत सभागृहात मुलांच्या अभ्यासासाठी मोफत वायफाय बसवावे की नाही, यावर सध्या बोलणे चालू आहे. मुले बिघडतील, अशी काही वडीलधाऱ्यांना भीती वाटते. ती भीती खोटी नाही. पण ज्या घरी एकच फोन आहे आणि तोही वडील कामावर घेऊन जातात, त्या घरच्या मुलीने परीक्षेचा अर्ज कोठे भरायचा? आम्हाला वाटते, धाबे उघडावे आणि कठडाही बांधावा. वेळ ठरलेली असावी. नको त्या साइट बंद ठेवाव्यात. खोलीत कोणीतरी मोठे माणूस बसलेले असावे. पहारा म्हणून नव्हे, सोबत म्हणून. त्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ कोण देईल, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार अशा कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. द्वेषाचा किंवा खोटा मजकूर दिसला, तर ‘जाऊ द्या’ म्हणून सोडू नये, तक्रार लिहावी. घरधन्याला कठड्याची आठवण करून देणे हीदेखील शेजारप्रीतीच आहे.

हे प्रभू, आम्ही जे काही बांधतो आणि उघडतो, त्यावरून कोणीही पडू नये म्हणून आम्हाला जागे ठेव. आमेन.