टेक्कातली सकाळ

सिंगापूरला आल्यावर पाहुणीला मैत्रिणीने पहिल्याच रविवारी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला नेलं. तळमजल्यावर एकीकडे मासळी, मटण, भाजीचा बाजार आणि दुसरीकडे खाण्याचे गाळे. बसायला जागा मिळणं मुश्कील. एक टेबल रिकामं होताच मैत्रिणीने त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलं आणि दोघी रांगेत गेल्या. परतल्या तेव्हा जागा तशीच होती. इतक्या गर्दीतला हा अनोळखी माणसांचा विश्वास पाहुणीच्या मनात दिवसभर घोळत राहिला.

दम बिर्याणी, हैनानच्या चिनी स्थलांतरितांनी रुजवलेला चिकन राईस आणि उंचावरून ओतून फेसाळलेला चहा. समोर एक तमिळ कुटुंब, शेजारी नूडल्स खाणारे चिनी आजोबा. कुणी कुणाकडे वळून पाहत नव्हतं.

हे सगळं आपोआप घडलेलं नाही. १९६८-६९मध्ये सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली. पुढे त्यांना नळ, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या इमारतींत गाळे दिले. २०२०मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. फेरीवाल्याला हटवायचं नाही, हक्काची जागा द्यायची, हा विचार पाहुणीला फार मोठा वाटला.

पण गाळ्यांमागचे बरेच चेहरे साठीच्या घरातले. पहाटेपासून चुलीपुढे उभं राहायला मुलं येतील का, असं तिने विचारलं. मैत्रिणीकडे उत्तर नव्हतं. ती आणखी दोन चहा आणायला उठली.