बंदरचा समुद्र

आम्हां हैदराबादकरांच्या कुंडलीत समुद्र नाही. अंबरपेठेच्या वाट्याला जे काही वाहते पाणी आले ते मुसीचे, आणि तिच्या काठाने जाताना हल्ली रुमाल नाकाशी धरावा लागतो. तरी तिच्या आधाराने एका समुद्रावर आम्हांला हक्क सांगता येतो. वाडपल्लीस ती कृष्णेला मिळते. आणि महाबळेश्वरी उगम पावून वाई, नरसोबाची वाडी करीत आलेली कृष्णा पुढे मच्छलीपट्टणच्या दक्षिणेस सागराला मिळते. मच्छलीपट्टणला इकडे नुसते ‘बंदर’च म्हणतात. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे हे मुख्य बंदर. डच तेथे १६०५ साली आले, इंग्रज १६११ साली. नोव्हेंबर १८६४ च्या वादळी लाटेत सुमारे ३०,००० माणसे दगावली. आधीच उतरणीला लागलेले ते वैभव पुन्हा सावरले नाही.

गेल्या माघात मातोश्रींनी समुद्रस्नानाचे मनावर घेतले. वय ऐंशीच्या पुढे, पंढरीची वारी गुडघ्यांनी बंद पाडलेली. माघी पौर्णिमेस मंगिनपुडीच्या किनाऱ्यावर स्नानार्थी लोटतात. त्या गर्दीत त्यांना नेणे शक्य नव्हते, म्हणून पुढच्या आठवड्यातील दिवस धरला. पहिला रुसवा तेथेच झाला. “पर्वणी गेल्यावर समुद्र काय नि हौद काय!”

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी उतरलो आणि थेट किनारा गाठला. कारवार-गोव्याच्या वाचकांनी डोळ्यांपुढे रुपेरी वाळू आणू नये. येथे काळी चिकणमाती, गढूळ पाणी, आणि तेही दूरवर उथळ. कृष्णेने युगानुयुगे आणलेल्या गाळाचाच हा सारा प्रदेश. मातोश्रींचा पाय घोट्यापर्यंत रुतला. मी व पत्नीने दोहोंकडून धरले, पण आठ-दहा पावलांतच त्या थांबल्या आणि पाण्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. इतक्या लांब येऊन हे असे व्हावे! कोणी काही बोलेना.

जवळच स्नान आटोपलेल्या एक तेलुगू बाई हे पाहत होत्या. काही न विचारता त्यांनी आमचा तांब्या घेतला, पुन्हा पाण्यात शिरून तो भरून आणला आणि “अम्मा” म्हणत मातोश्रींच्या मस्तकावर हळूहळू ओतला. अशा तीन खेपा त्यांनी केल्या. मातोश्री संकल्प म्हणत होत्या, आवाज कापत होता. ह्याला समुद्रस्नान म्हणावे की नाही, हे शास्त्र्यांनी ठरवावे.

नातवाचे दुःख निराळेच. समुद्रात बुडणारा सूर्य पाहावयाचा म्हणून तो आला होता. हा समुद्र पूर्वेचा, सूर्य पाठीमागे शेतांत मावळतो, हे कळल्यापासून तो कोणाशी बोलेना. बंदरचे लाडू मिळाल्यावर जरा निवळला. सूनबाईंनी येथील प्रसिद्ध नकली सोन्याच्या बांगड्या घेतल्या. एकंदरीत सर्वांत सुखी त्याच.

दुपारी चिलकलपूडीस पांडुरंगाच्या दर्शनाला गेलो. भक्त नरसिंहम यांनी उभारलेले हे मंदिर. १९२९ साली कार्तिक शुद्ध एकादशीस प्रतिष्ठा झाली. कर कटेवर ठेवून उभी असलेली मूर्ती थेट पंढरीच्या वळणाची, आणि तेथल्याप्रमाणेच देवाच्या पायांना हात लावू देतात. मातोश्रींनी पायांवर डोके ठेवले ते उचलीनात. मागची रांग खोळंबली, पुजाऱ्याने तेलुगूत दोनदा विनविले. त्यांचे आपले काहीतरी पुटपुटणे चालूच.

बाहेर आल्यावर मी विचारले, “आई, झाले ना समाधान?”

“मूर्ती गोजिरी आहे हो. पण चंद्रभागा कुठे?”

मला थोडे वाईट वाटले. चार माणसांचा खर्च, दोन रात्रींचे जागरण, आणि शेवटी हा शेरा! परतीच्या गाडीत सगळे पेंगू लागले, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, “येत्या आषाढीला मला पंढरपूरला ने. गुडघे तेवढे सांभाळ, म्हणून ह्याला सांगून आले आहे.”