कानांनाही रजा हवी

मैत्रिणींनो, आपल्या शरीरातला सर्वांत कष्टाळू अवयव कोणता, असं विचारलं तर तुम्ही पटकन म्हणाल, हात. कुणी म्हणेल, कंबर! माझं उत्तर मात्र निराळं आहे. बाईचे कान. हात दुपारी घटकाभर मांडीवर विसावतात, पाय रात्री का होईना लांब होतात; पण कानांना कसली आली आहे सुट्टी? कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, त्याच वेळी बाहेरच्या खोलीत चिरंजीव पाढे म्हणताहेत की नुसतेच ओठ हलवताहेत ते ऐकायचं, नळाला पाणी आलं की त्याची पहिली खरखर टिपायची. झोपेतसुद्धा आपला एक कान जागाच! कडी वाजली, मूल कण्हलं, मामंजींना ठसका लागला, की घरात पहिली उठते ती आपणच.

त्यात भर बाहेरच्या गोंगाटाची. शेजारी इमारत पाडून नवी बांधताहेत, रस्त्यावर हॉर्नची चढाओढ, खाली पाण्याचा पंप, घरात टीव्हीवरच्या मालिकेतली भांडणं. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, बरं का. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल. पण ह्या नियमांची नि आमच्या गल्लीची अजून ओळख व्हायची आहे!

मी सकाळी अर्धवेळ शाळेत शिकवते आणि दुपारी वह्या तपासते. एकाच निबंधाची पहिली ओळ चार-चार वेळा वाचायची पाळी यायला लागली, तेव्हा मी ठरवलं, आता बाहेरचा गोंगाट कमी करणारा बिनतारी हेडफोन घ्यायचाच. घरात जाहीर केलं, तर हे म्हणाले, “कापसाचे बोळे घाल की!” सासूबाई म्हणाल्या, “आणि मी हाक मारली तर?” गंमत बघा, मिक्सर घेतला तेव्हा ‘कशाला’ असं कुणी विचारलं नव्हतं. त्यातली चटणी सगळे खातात ना! जी वस्तू फक्त आपल्यासाठी असते, तिला मात्र कारणं द्यावी लागतात. मी कारणं देत बसले नाही. वस्तू नीट पारखून, बेताच्या किमतीत घ्यायची एवढंच मनाशी ठरवलं. आता ती पारख कशी करायची ते तुम्हांला सांगते.

आधी ही करामत चालते कशी ते पाहू. आवाज म्हणजे हवेची लाट. हेडफोनच्या आत बारीक मायक्रोफोन असतात. ते बाहेरचा आवाज ऐकतात आणि आतलं यंत्र त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करून आपल्या कानात सोडतं. लाट नि उलटी लाट भेटल्या, की दोन्ही विरतात. झोपाळा पुढे येत असताना कुणी समोरून अचूक वेळी तेवढ्याच जोराने रेटा दिला, तर तो जागच्या जागी थांबतो ना, तसंच हे. झोपाळा संथ असेल तर वेळ साधणं सोपं. म्हणून पंख्याची घरघर, एसीचा घोंघाट, बसच्या इंजिनाचा, आगगाडीचा आवाज, असे जाड नि एकसुरी आवाज हे यंत्र छान शमवतं. पण झोपाळा भराभर हलायला लागला, तर रेट्याची वेळ चुकते. त्यामुळे कुकरची शिट्टी, भांडं पडल्याचा खणखणाट, लहान मुलाचं रडणं, माणसांचं बोलणं हे बोथट होतं, नाहीसं होत नाही. ‘जगाचा आवाजच बंद’ अशी जाहिरात पाहून गेलात, तर पदरी निराशा येईल. उलट पंख्याची घरघर गेली, की सासूबाईंचं नि शेजारणीचं बोलणं अधिकच स्पष्ट कानी पडतं, हा माझा अनुभव आहे!

ही कल्पना काही आजची नव्हे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळालं होतं. पण ती कानांवर बसायला फार वर्षं लागली. अमर बोस हे अमेरिकेत प्राध्यापक होते. त्यांचे वडील बंगालचे, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेऊन पुढे अमेरिकेत गेलेले. १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घोंघाटात हेडफोनवरचं संगीत धड ऐकू येईना, तेव्हा अमर बोसनी विमानातच कागद घेऊन आकडेमोड सुरू केली. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर ह्या दोघांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून कुठेही न उतरता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्यापाशी बोस ह्यांच्या कंपनीचे असे प्रायोगिक हेडफोन होते. नऊ दिवस त्या चिंचोळ्या विमानात इंजिनाशेजारी बसलेली ती जीना येगर! तिचे कान वाचवायला जी युक्ती वापरली, तीच आज दोन-तीन हजार रुपयांत आपल्या बाजारात मिळते.

आता खरेदीकडे वळू. पहिली गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. खोक्यावर दोन सारखे दिसणारे शब्द असतात, ‘एएनसी’ आणि ‘ईएनसी’. आपल्याला हवं ते ‘एएनसी’. त्याने आपल्या कानातला गोंगाट कमी होतो. ‘ईएनसी’चा उपयोग फोनवर बोलताना होतो. आपल्या मागचा गलबला पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जातो, आपल्या कानाला त्याचा काडीचाही फायदा नाही. स्वस्त मालावर ‘ईएनसी’ ठळक छापलेलं असतं नि घाईत आपण फसतो. दुकानदाराला सरळ विचारा, “हे माझ्या कानासाठी की समोरच्याच्या?”

दुसरी गोष्ट, प्रकार कोणता घ्यावा? कानात बसणारी छोटी बोंडं, म्हणजे इअरबड, आणि कान झाकणारे मोठे हेडफोन असे दोन मुख्य प्रकार. बोंडं साधारण दीड-दोन हजारांपासून मिळतात. पर्समध्ये मावतात, अंबाड्याला नि गजऱ्याला अडत नाहीत. त्यांच्याबरोबर लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टोप्या येतात. त्या बदलून बघायचा आळस करू नका. टोपी सैल बसली, की गोंगाट फटीतून आत येतो आणि यंत्राचे श्रम फुकट जातात. आपल्यापैकी पुष्कळजणींना लहान टोपीच नीट बसते. मोठे हेडफोन अडीच-तीन हजारांपासून पुढे. ते चटकन हरवत नाहीत, त्यांची बॅटरीही जास्त टिकते. मात्र चष्म्याच्या काडीमुळे गादीखाली फट राहते आणि लोंबते झुमके असतील तर पाळी दुखते. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांनी मऊ गादीचा घ्यावा नि घालण्याआधी झुमके उतरवून ठेवावेत. कुडी चालते. मी कान झाकणाराच घेतला, कारण मला तो घरात बसून वापरायचा होता. तुम्ही लोकलने किंवा एसटीने जात-येत असाल, तर बोंडं सोयीची.

तिसरी गोष्ट, आकड्यांना भुलू नका. ‘४० डेसिबलपर्यंत गोंगाट कमी’ असं छापलेलं असतं. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द वाचा! एखाद्या जाड आवाजाला तेवढा फरक पडत असेल, सगळ्या आवाजांना नव्हे. बॅटरीचंही तसंच. डबीतली बॅटरी धरून नि एएनसी बंद ठेवून तासांचा मोठा आकडा लिहितात. ‘एएनसी चालू असताना किती तास?’ हे विचारा. मोठ्या हेडफोनला साधी तार जोडायची सोय असेल तर उत्तम, बॅटरी संपली तरी गाणी अडत नाहीत. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींना एकाच वेळी जोडता येतो का, तेही पाहावं. मुलांचे ऑनलाइन वर्ग नि आपला फोन ह्यांत सारखी जोडजोड करावी लागत नाही.

दुकानात पारख अशी करावी: गाणं न लावता हेडफोन घाला. दुकानातला पंखा किंवा एसी चालू असेल तिथे उभ्या राहा आणि एएनसी चालू-बंद करून पाहा. फरक चटकन कळला पाहिजे. दहा मिनिटं तसाच घालून ठेवा. काहीजणींना एएनसीमुळे कानाला दडे बसल्यासारखं वाटतं. तुम्हांला तसं होत असेल, तर कितीही स्वस्त असला तरी नको. नंतर रस्त्यावर येऊन घरी फोन लावा नि आपला आवाज नीट जातो का ते विचारा. पक्कं बिल घ्या, वॉरंटीची तारीख लिहून घ्या. कानात घालायची बोंडं खोकं फोडल्यावर कित्येक दुकानदार परत घेत नाहीत, तेव्हा अट आधीच विचारा. एवढं करूनही फसवणूक झालीच, तर १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, हे लक्षात असू द्या.

आता प्रकृतीचं. ह्या हेडफोनचा खरा गुण कोणता, माहीत आहे? गाण्याचा आवाज कमी ठेवता येतो! बाहेर गलका असला, की आपण गाणं त्यावर मात करील इतकं मोठं करतो आणि कानांना इजा होते ती तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. ८३ ला वीस तास, ८६ ला दहाच. डेसिबल मोजायला आपल्याकडे यंत्र नाही, म्हणून सोपा नियम असा, की आवाज पूर्ण क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या खाली ठेवावा. मुलांना तर हे बजावूनच सांगा. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज बोंडं घालू नयेत. न्हाल्यावर कान कोरडे झाल्याशिवाय नको. एकाची बोंडं दुसऱ्याने वापरू नयेत आणि रबरी टोप्या आठवड्यातून एकदा काढून पुसाव्यात.

आणि हो, गॅस चालू असताना हेडफोन नको म्हणजे नको! रस्ता ओलांडताना नको, स्कूटरवर तर मुळीच नको. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर दुसरं कुणीतरी जागं नि जवळ असल्याखेरीज नको. बहुतेक हेडफोनमध्ये बाहेरचे आवाज आत घेण्याची एक सोय असते, ती कळ कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

सासूबाईंचा प्रश्न त्यामुळेच मला हसण्यावारी नेता आला नाही. हाक मारली तर? मी घरात सांगितलं, दुपारी तीन ते चार मी आतल्या खोलीत वह्या तपासणार. त्या वेळात दार उघडणं, फोन घेणं, चहाचं आधण ठेवणं हे ज्याचं त्याने बघायचं. खरंच गरज पडली तर येऊन खांद्याला हात लावायचा. पहिल्या आठवड्यात खांद्याला सतरा वेळा हात लागला! रिमोट सापडत नाही, साखरेचा डबा कुठला, धोब्याला किती कपडे दिले... पुढच्या आठवड्यात पाच वेळा. आता साखरेचा डबा सगळ्यांना सापडतो.

मग एके दिवशी सासूबाईच म्हणाल्या, “बघू गं, काय असतं त्यात.” मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, गाणं काही लावलं नाही. पाचेक मिनिटं त्या डोळे मिटून बसल्या. काढल्यावर इकडे तिकडे बघत म्हणाल्या, “अगं, इतका आवाज असतो आपल्या घरात? चाळीस वर्षं मला कळलाच नाही!” आता दुपारी कधीकधी त्याच माझ्या आधी हेडफोन मागतात, नि मी बाहेर बसून त्यांच्या वाटेचं दार उघडते.

म्हणून मैत्रिणींनो, पैसे जमवायला जरूर लागा; पण त्याआधी घरात एक तास मागून पाहा. तो मिळाला नाही, तर तीन हजारांचा हेडफोनही कपाटात पडून राहील. आणि तो तास एकदा ठरला, की मग हेडफोन दीड हजारांचा असला तरी चालतो.