लेण्यांसाठी कॅमेरा

अजिंठ्याच्या चित्रांपुढे फ्लॅश चालत नाही. ट्रायपॉड उभा करायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढून ठेवावी लागते. चित्रांच्या लेण्यात पायातलं काढून शिरायचं, कठड्याच्या अलीकडे थांबायचं, आणि मागे एखाद्या शाळेची सहल ताटकळत उभी असताना जेमतेम उजेडात समोरच्या भिंतीवरचं टिपायचं. कुठलीही कॅमेरा कंपनी हे गृहीत धरून जाहिरात करत नाही. मला मात्र याच अटींवर कॅमेरा घ्यायचा होता.

माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. लेणी क्र. १ मधला पद्मपाणी छापील पुस्तकात, पोस्टकार्डावर, कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण छपाईत त्याची रेषा हरवते. हातातल्या निळ्या कमळाच्या देठापाशी बोटं कशी वळलीत, भुवईची रेघ कुठे जाड होते आणि कुठे सुटते, गळ्यातल्या मोत्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका कसा टेकवलाय, हे मुलांना मोठं करून दाखवायचं तर आपला फोटो आपणच काढायला हवा. त्यातून कारागीर कुठे थांबला, कुठे त्याने ब्रश पुन्हा रंगात बुडवला, याचा अंदाज बांधता येतो. निवृत्तीनंतर मी हेच काम हाती घेतलंय: अजिंठा-वेरूळची तपशीलवार छायाचित्रं, चित्रकलेच्या मुलांसाठी.

त्याआधी माझ्याकडे डीएसएलआर होता, दोन जाडजूड झूम लेन्सांसकट. फर्दापूर फाट्याला गाडी ठेवून बसने लेण्यांच्या पायथ्याशी जायचं, तिथून पायऱ्या चढायच्या आणि मग वाघूर नदीच्या नालाकृती वळणाने पार शेवटच्या लेण्यांपर्यंत चालायचं. उन्हाळ्यात ती पिशवी खांद्यावर घेऊन हे चालणं मला झेपेना. म्हणून मिररलेस.

पैठण गेटजवळच्या एका दुकानात चौकशीला गेले तर पहिला प्रश्न आला, “बजेट किती आहे, मॅडम?” दुसरा, “रील्स बनवायचे का?” मग मेगापिक्सेल सुरू झाले. माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो. दुकानातून बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “मावशी, बॉडीचं सोड. तू कुठे उभी राहणार आणि समोरचं हलणार की नाही, एवढंच आधी सांग.” सगळ्या निवडीत माझ्या उपयोगी पडलेलं वाक्य हेच.

बाजारात माझ्या आवाक्यातले पर्याय तीन होते. सोनीचा ए-६४००, फुजीफिल्मचा एक्स-टी३० आणि ऑलिंपसचा ओएम-डी ई-एम१० मार्क २. पहिल्या दोघांचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. ऑलिंपसचा मायक्रो फोर थर्ड्स, १७.३ बाय १३ चा. फुल फ्रेमचा विचार मी लवकर सोडला. बॉडी लहान झाली तरी त्याच्या उजळ लेन्सा लहान होत नाहीत, आणि पैसा तर विचारूच नका.

तिन्ही बॉड्या वजनाला चारशे ग्रॅमच्या आगेमागे. म्हणजे वजनाचा निकाल लेन्सवरच लागणार होता. सोनीवर भाचा लावतो ती सिग्माची १६ मिमी एफ/१.४ एकटीच ४०५ ग्रॅमची, बॉडीइतकीच. फोटो अप्रतिम देते, पण हातात धरली की कॅमेरा पुढे झुकतो. फुजीची २३ मिमी एफ/२ १८० ग्रॅमची. ऑलिंपसची १७ मिमी एफ/१.८ १२० ग्रॅमची आणि ४५ मिमी एफ/१.८ ११६ ग्रॅमची, दोन्ही मिळून पाव किलोही भरत नाहीत. लेन्सच्या गोल कड्यावर अपर्चरचे आकडे, वरच्या चकतीवर शटरचे: फुजी हातात घेतला की चित्र काढणाऱ्या माणसाला आपलं अवजार हातात आल्यासारखं वाटतं. त्याचे रंगही डोळ्यांना गोड. माझं मन कितीतरी दिवस फुजीवरच होतं.

निर्णय लागला तो लेणी क्र. १ मध्ये. भाच्याचा सोनी आणि एका पक्षीमित्राचा ऑलिंपस, असे दोन्ही मागून नेले होते. वेरूळला मंगळवारी सुटी, अजिंठ्याला सोमवारी. आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळीच पोहोचलो, त्यामुळे आत गर्दी नव्हती. वीस खांबांच्या त्या मंडपात दारातून येणारा उजेड पहिल्या खांबांपाशीच विरतो. डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. गर्भगृहाच्या डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी, आणि दोघांवर खात्याने लावलेल्या मंद दिव्यांचा पिवळसर प्रकाश.

सोनीवर ३० मिमी लेन्स, अपर्चर एफ/१.८. हात हलून फोटो बिघडू नये म्हणून शटर १/५० ला ठेवला तर आयएसओ ६४०० वर गेला. ऑलिंपसवर २५ मिमी, अपर्चर तेच. श्वास रोखला, कोपर बरगडीशी टेकवले आणि शटर १/६ पर्यंत खाली आणला. आयएसओ ८०० वर थांबला. घरी येऊन मोठ्या पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी उघडले. सोनीच्या फोटोत मोत्यांवरचा पांढरा ठिपका आणि फोटोतले दाणे एकमेकांत मिसळलेले, ऑलिंपसच्या फोटोत ठिपका ठिपकाच. पद्मपाणीच्या खालच्या पापणीची ती तांबूस बारीक रेघ मला पहिल्यांदा नीट दिसली ती त्या फोटोत.

कारण साधं आहे. ऑलिंपसच्या बॉडीत सेन्सरच पाच दिशांनी हलून हाताचा कंप झेलतो. कंपनी चार स्टॉपचा फायदा सांगते, माझ्या हाताला तीन मिळतात. तीन स्टॉप म्हणजे आठपट उजेड. ए-६४०० च्या आणि एक्स-टी३० च्या बॉडीत ही सोय नाही. ती लेन्समध्ये असली तर असली, आणि छोट्या उजळ प्राइम लेन्सांत बहुधा नसतेच. आता सेन्सरचं क्षेत्रफळ मांडा. एपीएस-सीचं सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर, मायक्रो फोर थर्ड्सचं २२५. मोठ्या सेन्सरचा फायदा दीडपटीच्या थोडा वर, म्हणजे एक स्टॉपही नाही. एकीकडे आठपट, दुसरीकडे दीडपट. वर लहान सेन्सरवर, चौकट आणि अपर्चर तेच ठेवलं तर, फोकसची खोलीही जास्त मिळते. भिंतीवरच्या चित्राला तिचं तितकं काम नाही, पण खोल कोरलेल्या मूर्तीला फार आहे, कारण नाकाच्या शेंड्यापासून कानातल्या कुंडलापर्यंत सगळं नीट हवं असतं.

हे सगळं खरं ठरतं ते समोरची भिंत हलत नाही म्हणून. पैठणला नाथषष्ठीला टाळ घेऊन नाचणाऱ्या वारकऱ्यापुढे हे गणित उलटं होतं. तिथे हात कितीही स्थिर असला तरी वारकरी नाचतोय. १/२०० च्या खाली गेलात तर टाळांचं नुसतं धुकं. तिथे मोठा सेन्सर, एफ/१.४ ची लेन्स आणि डोळा शोधून धरून ठेवणारा सोनीचा फोकस, याला तोड नाही. भाच्याने सोनी घेतला हे त्याच्या धंद्याला अगदी बरोबर. मंडपातली नवरी काही पद्मपाणीसारखी स्थिर उभी राहत नाही. म्हणून कुणी विचारलं की यातला चांगला कॅमेरा कुठला, तर मी आधी भाच्याचाच प्रश्न विचारते.

अजिंठ्याच्या अंधाराशी झगडलेला पहिला माणूस आठवतो तो मेजर रॉबर्ट गिल. मद्रास लष्करातला हा चित्रकार १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला नेमला गेला आणि वर्षानुवर्षं इथेच राहिला. त्याची बहुतेक तैलचित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन केलेल्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. पण गिलने कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याच्या ७४ छायाचित्रांचं पुस्तक निघालं. ओल्या काचेचा तो जमाना. काच लेपायची, ओली असतानाच प्रकाश द्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. मी १/६ सेकंदासाठी श्वास रोखते तेव्हा त्याचा विचार येतोच. माझ्या लहानपणी लेण्यातले गाइड दारात पांढरं कापड किंवा पत्रा धरून ऊन आत परतवायचे, आणि तो कवडसा भिंतीवरून सरकत जाताना एकेक चेहरा उजळायचा. ती पद्धत आता गेली. चित्रांच्या दृष्टीने ते बरंच झालं.

एक भीती मनात होती. कॅमेऱ्याच्या पद्धती बंद पडतात आणि लेन्सा अनाथ होतात. निकॉनची ‘१’ मालिका २०११ ला आली आणि २०१८ ला संपली. सॅमसंगने एनएक्स सोडून दिली. कॅननची २०१२ ची ईओएस-एम थांबली, आणि तिच्या लेन्सा त्यांच्या नव्या आरएफ माउंटवर बसतच नाहीत. ऑलिंपसनेही आपला कॅमेऱ्याचा धंदा जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्स या वेगळ्या कंपनीकडे दिला. तरी मी मायक्रो फोर थर्ड्सवर थांबले, कारण २००८ पासून हा माउंट ऑलिंपस आणि पॅनासोनिक या दोन कंपन्यांचा सामायिक आहे. एकीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर थेट बसते. जुन्या बाजारातही त्या भरपूर फिरतात.

बॉडी सेकंडहँड घेतली, आणि वाचलेले पैसे लेन्समध्ये घातले. हाच क्रम मी सगळ्यांना सांगते. जुनी बॉडी घेताना लेन्स काढून सेन्सर उजेडात तिरका धरून बघावा, एक फोटो पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला काढावा म्हणजे धुळीचे ठिपके दिसतात, आणि स्टॅबिलायझेशन चालू-बंद करून १/८ ला दोन-चार फोटो जागेवरच मोठे करून पाहावेत.

पद्मपाणीच्या हातासाठी आणि चेहऱ्यासाठी ४५ मिमी, कारण कठड्यापलीकडे जाता येत नाही आणि जाऊही नये. मंडप, खांब, छत यांना १७ मिमी. अडचण येते ती लेणी क्र. २६ मध्ये. तिथला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सुमारे सात मीटर लांब, आणि तो आहे खांबांच्या मागच्या अरुंद पट्टीत. मागे सरकायला जागाच नाही. तिथे ९-१८ मिमीचा झूम लागतो. १५५ ग्रॅमचा, पण अपर्चर एफ/४ पासून सुरू. त्याचा अंधार पुन्हा सेन्सरच्या स्थैर्यानेच भरून काढायचा. वेरूळच्या कैलासालाही तोच झूम. वरून खाली खोदत आणलेल्या त्या प्रांगणात मान मागे टाकूनही शिखर चौकटीत मावत नाही. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख, त्यामुळे तिथे मी दुपार टळल्यावरच जाते.

लेन्स बदलणं हा मात्र मराठवाड्यात जपून करायचा उद्योग. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, आरसा आड नसतो. एप्रिल-मेमध्ये वावटळ कुठून उठेल सांगता येत नाही. कॅमेरा बंद करायचा, तोंड जमिनीकडे ठेवायचं, दुसरी लेन्स झाकण सैल करून तयार ठेवायची, आणि हे सगळं लेण्याच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला. बाहेर ओसरीवर मी कधीच बदलत नाही.

पक्षीमित्राच्या आग्रहाने ७५-३०० मिमीचा झूमही लावून पाहिला, जायकवाडीच्या नाथसागरावर. फुल फ्रेमच्या ६०० मिमीइतकं जवळ आणतो आणि वजन ४२३ ग्रॅम. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी रोहित पक्ष्यांच्या वाकड्या चोचीतून निथळणारं पाणी दिसतं. संध्याकाळी मात्र टोकाचं एफ/६.७ अपुरं पडतं. मी तो अजून विकत घेतलेला नाही.

सध्या डोकं लागलंय ते रंगात. लेण्यातल्या दिव्यांचा पिवळेपणा आणि दारातून येणारा निळसर उजेड एकाच भिंतीवर भेटतात, आणि कॅमेरा आपल्या मनाने मधलाच रंग धरतो. त्यात अजिंठ्याचा निळा लाजवर्दाचा, परदेशातून आलेला. तो करडा दिसला तर मुलांना काय दाखवणार? म्हणून सगळं रॉमध्ये काढते, पहिल्या फोटोत करड्या रंगाचं कार्ड धरते, आणि घरी त्यावरून रंग जुळवते. लेणी क्र. २ च्या छतावर अजून ते नीट साधलेलं नाही. पुढच्या फेरीला कार्ड दाराकडे एकदा आणि दिव्याकडे एकदा, असं दोनदा धरून पाहणार आहे.